रस्त्याच्या रंगाचं जाकीट

दिवा बारीकच राहू द्या. भुताची गोष्ट सांगणाऱ्याला काळोख लागतो, वारा लागतो, लांब कुठेतरी एखादं कुत्रं रडावं लागतं. मला यातलं काही लागत नाही. माझी गोष्ट टळटळीत दुपारची, जेवणाच्या सुट्टीतली आहे. रात्रीची भुतं आळशी असतात असं माझं मत आहे. दिवसभर लोळायचं आणि जग झोपलं की बाहेर पडायचं, यात कसली आली मर्दुमकी?

मी रंगारी. शाळा चौथीपर्यंत. पाचवीने मला घेतलं नाही आणि मीही तिच्या फार मागे लागलो नाही. कापड रंगवायच्या कारखान्यात चव्वेचाळीस वर्षं हंड्यापुढे उभा आहे. कपाळावरचा घाम पुसला की कपाळ त्या दिवशीच्या रंगाचं होतं. माणसं मला 'नग' म्हणतात. हे नाव बायकोने ठेवलं होतं. ती गेली, नाव मागे राहिलं. मूलबाळ नाही. घरी एक खुर्ची आहे आणि तिच्यावर बसायला मी एकटा आहे, त्यामुळे भांडण होत नाही.

खोड्या हा माझा जोडधंदा. मुकादमाच्या टोपीला आतून निळा रंग लावून त्याला आठवडाभर निळ्या कपाळाने हिंडवलाय. पण माझा खरा हातखंडा म्हणजे पाठीवर कागद चिकटवणं. गेटवाल्याच्या पाठीवर 'झोपलेला आहे, उठवू नये.' मुकादमाच्या पाठीवर 'विकणे आहे, भाव बोलून ठरवू.' माणूस ऐटीत पुढे चालतो, मागचे तोंडावर हात धरून हसतात आणि ज्याचं हसं होतंय त्यालाच पत्ता नसतो. यासारखी मजा नाही. पाठ ही देवाने माणसाला दिलेली अशी जागा आहे, की ती सगळ्या जगाला दिसते, फक्त त्याला सोडून.

कारखान्यात माझा एक मित्र होता. आम्ही त्याला फूटपट्टी म्हणायचो. उंच, सरळ, बोलणं मोजून मापून. रंगवलेल्या शालींचे गठ्ठे सायकलवरून घरोघरी पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. घरी बसून बायका शालींच्या कडांना गोंडे बांधतात, त्यांच्याकडे. त्यात त्याची स्वतःची बायकोही होती. म्हणजे आमच्या वहिनी.

सायकल चालवण्याबद्दल फूटपट्टीचं एक अख्खं शास्त्र होतं. कोणी विचारो न विचारो, तो सांगायचा.

"नगा, रात्री सायकलवाला मरत नाही. रात्री त्याला भीती असते, तो दिवा लावतो. मरतो दुपारी. दुपारी त्याला वाटतं, एवढं ऊन आहे, मी दिसणारच."

"मग दिसत नाही का? तू तर ताडाएवढा आहेस."

"ऊन असलं म्हणजे माणूस दिसतो असं नाही. गाडीवाला गाडी शोधत असतो, माणूस शोधत नसतो. त्याच्या काचेच्या कडेला जो खांब असतो ना, त्याच्या आड तू तुझ्या सायकलसकट मावतोस."

रस्त्याच्या कडेला चिकटून चालवायचं नाही, हातभर आत चालवायचं. वळायच्या आधी हात लांब करायचा, खाज सुटल्यासारखा नाही. गल्लीतून गाडी येत असेल तर चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. डोळ्याला डोळा मिळाला नाही, तर त्याने तुला पाहिलंच नाही असं समजून थांबायचं. आणि अंगात पिवळंजर्द जाकीट घालायचं, असं की बघणाऱ्याचे डोळे दुखले पाहिजेत. कारखान्याचा नियमही तोच होता: गठ्ठा घेऊन सायकलवर बाहेर पडायचं तर जाकीट घालूनच. गेटवाला जाकीट बघायचा आणि मग साखळी काढायचा.

इतका शहाणा माणूस समोर असला की माझे हात शिवशिवतात. हा माझा दोष आहे, पण तेव्हा तो गुण वाटायचा.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मी रस्त्यावरून डांबराची खपली उचलून आणली. फूटपट्टीच्या जाकिटाचा पिवळा पुसायचा आणि त्या जागी डांबर आणायचं, असं ठरवलं. सोपं काम नाही हो. ते कापड नेहमीच्या रंगाला दाद देत नाही, उकळत्या हंड्यात तासभर दाबून ठेवावं लागतं. पहिल्या बुडीत शेवाळी झालं. दुसऱ्या बुडीत मातकट. तिसऱ्या बुडीला मी चिमूटभर निळा टाकला, आणि काय सांगू! डांबराची खपली त्या जाकिटावर ठेवली तर खपली दिसेना. वरच्या चमकत्या पट्ट्यासुद्धा उकळून मेल्या. एवढा हुबेहूब रंग मी आयुष्यात दुसऱ्यांदा काढला नाही.

खुंटीवर ते वाळत टाकलं. जेवणाच्या सुट्टीत फूटपट्टी आला, खुंटीकडे बघितलं आणि म्हणाला, "माझं जाकीट कुठाय?"

"तुझ्या नाकासमोर."

सगळा रंगखाना हसला. मुकादम खाली बसून हसला. "आता जा," मी म्हणालो, "आता तू रस्त्यावर देवालासुद्धा दिसणार नाहीस!"

त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो कधी हसायचा नाही, पण त्या दिवशी हसला. जाकीट अंगात घातलं, बटणं लावली आणि म्हणाला, "नियमात जाकीट लिहिलंय, रंग लिहिलेला नाही. दुसरं शोधत बसलो तर गठ्ठ्याला उशीर होईल." मग माझ्या अगदी जवळ आला. "नगा, एक दिवस मीही तुझी फिरकी घेणार. अशी घेईन, की सगळ्यांना दिसेल आणि तुला दिसणार नाही."

गेटवाल्याने हसत हसत साखळी काढली. ते साडेबारा वाजता.

झाडांच्या रस्त्यावर, एका बाजूच्या गल्लीतून निघालेल्या टेम्पोने त्याला उडवलं. तो रस्ता एक मैल सरळ आहे. दोन्ही बाजूंना उंच झाडं, वर फांद्यांची मिठी, खाली उन्हाचे तुकडे आणि सावलीचे तुकडे. तिथे राखाडी माणूस म्हणजे सावलीचा आणखी एक तुकडा. टेम्पोवाला रडत होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "दिसलाच नाही हो... दिसलाच नाही."

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, की चालकाचा दोष नाही, मयताने रस्त्यात मिसळणारे कपडे घातले होते, मयताचा निष्काळजीपणा. जन्मभर जो माणूस चपलांचे अंगठेसुद्धा एका रेषेत ठेवायचा, त्याच्या नावापुढे तो एक शब्द लागला. शेजारीपाजारी वहिनींना म्हणायचे, "जरा काळजी घेतली असती तर." वहिनी मान हलवायच्या.

तेराव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, त्यांचं पिवळं जाकीट कुठे गेलं?"

मी म्हणालो, "माहीत नाही, वहिनी."

झालं. माझ्या आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील, आणि सगळ्या दुसऱ्या दिवशी हसत कबूल केल्या. ही एकच राहिली. रंगखान्यातल्या बाकीच्यांनीही तोंड उघडलं नाही. तेही हसले होते ना.

फूटपट्टीचं काम मी मागून घेतलं. हंडा सांभाळून, रोज जेवणाच्या सुट्टीत वहिनींकडे गठ्ठा न्यायचा आणि गोंडे बांधलेल्या शाली परत आणायच्या. जाताना मी पिवळं जाकीट घालायचो, हँडलला भर उन्हात लुकलुकणारा दिवा लावायचो. पण झाडांच्या रस्त्याने मात्र जायचो नाही. कालव्याच्या कडेने लांबचा फेरा घ्यायचो. वहिनी ओट्यावर दोन कप चहा ठेवायच्या. एक माझा. दुसरा तसाच गार होत बसायचा, मग त्या तो कुंडीत ओतायच्या. मी कधी विचारलं नाही. वाटायचं, तो त्याच्या नावाचा असेल.

तुम्हाला खरं सांगू? दिवसाच्या चोवीस तासांत माझ्याशी कोणी 'या, बसा' म्हणायचं ते त्या ओट्यावर. बाकी सगळीकडे 'काय रे नगा, आज काय केलंस?' माणसं माझ्यावर हसायला येतात, हसून झालं की जातात. त्या ओट्यावर मला खोडी काढावीशी वाटायची नाही. खरं सांगितलं तर तो ओटा जाईल, ही माझी भीती. सहा वर्षं मी त्या एका कप चहासाठी गप्प बसलो.

मग यंदा कालव्याचा रस्ता खचला आणि बंद झाला. राहिला झाडांचा रस्ता.

पहिल्या दिवशी मी त्यावर वळलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन पानांतून गळत होतं. मी हातभर आत धरून चालवत होतो, शास्त्राप्रमाणे. आणि मला वास आला. हंडा उकळताना येतो तो, ओल्या कापडाचा आणि रसायनाचा. म्हटलं, माझ्याच अंगाला असेल, चव्वेचाळीस वर्षांचा मुरलेला. मागून एक ट्रक आला, हळू झाला, माझ्यापासून बराच लांबून पुढे गेला आणि त्याच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, जोडीने काय चालवता? रस्ता काय बापाचा आहे? मागेपुढे चला!"

मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. "तुझ्या बापाचा असला तर त्याला विचारून चालवतो!" मी ओरडलो. ट्रक गेला. मी हसलो. एकटाच होतो, त्यामुळे ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका मोटारीने मला एवढी जागा सोडली, की ती पलीकडच्या कडेला उतरली. तिसऱ्या दिवशी एका मोटारसायकलवाल्याने मला हात केला, आणि मग माझ्या उजव्या बाजूला, जिथे नुसता रस्ता होता, तिथेही हात केला.

चौथ्या दिवसापासून आवाज यायला लागला.

फूटपट्टीच्या सायकलीच्या साखळीवरचं पत्र्याचं झाकण थोडं वाकलेलं होतं. प्रत्येक फेऱ्याला पायडल त्याला घासायचं. टक्... मग एक फेरा... टक्. एवढा काटेकोर माणूस, पण ते झाकण त्याने कधी सरळ केलं नाही. म्हणायचा, मी येतोय हे लोकांना कळलेलं बरं. आता तो आवाज माझ्या उजव्या हाताला, गाड्यांच्या बाजूला, हातभर अंतरावर येत होता. टक्... टक्... मी वेग वाढवला, आवाज वाढला. मी एकदम ब्रेक दाबला. तो अर्धा फेरा पुढे जाऊन थांबला. फूटपट्टी नेहमी तसाच थांबायचा. बरोबर चालवताना मी ब्रेक दाबला, की यात काही खोडी असेल असं त्याला वाटायचं.

खाली बघितलं. सावली एकच, माझी.

"फूटपट्ट्या..." मी हळूच म्हणालो. "तूच का रे?"

वर एक पान सुटलं आणि गिरक्या घेत खाली आलं. रस्त्यावर न पडता ते मध्येच, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक क्षण थांबलं... आणि मग पडलं.

मी घाबरलो का? घाबरलो. पण तुम्ही हसाल, दुसऱ्या दिवशी मी दाढी करून निघालो. कोणीतरी सोबत होतं हो. मी त्याला रंगखान्यातल्या बातम्या सांगायचो, मुकादमाचे गुडघे कसे दुखतात ते सांगायचो. सगळं सांगायचो, फक्त एक गोष्ट सोडून. तो ऐकायचा. टक्... टक्...

रस्त्याच्या मध्यावर पाइप टाकायचं काम चाललं होतं. तिथे एक निशाणवाला उभा असायचा, लाल आणि हिरवा बावटा घेऊन गाड्या सोडणारा. दिवसभर एकटाच उन्हात, त्यामुळे बोलायला आसुसलेला.

"काका," त्याने एकदा मला थांबवून विचारलं, "तुमचा जोडीदार मुका आहे का हो? मी रोज नमस्कार करतो, तो नुसता हात वर करतो."

मी सायकलवरून उतरलो. "कसा... कसा दिसतो रे तुला?"

"म्हणजे काय? तुम्ही रोज बरोबर येता आणि मला विचारता?" तो हसला. "आधी नीट नजरेत भरायचा नाही, रस्त्यासारखाच दिसायचा. हल्ली बरा दिसतो. पिवळं घालायला लागलाय ना. तुम्हीच आता जरा..." त्याने माझ्या उजव्या बाहीकडे बोट केलं. "काका, तुमचं जाकीट धुवायला झालंय."

मी बघितलं. उजव्या बाहीची कड राखाडी झाली होती.

उन्हाने रंग उडतो, हे मान्य. पण उन्हाने उडालेला पिवळा पांढरा पडतो. हा पांढरा नव्हता. मी बाही नाकाशी नेली, बोटांत चोळली, झाडाखालून उन्हात धरली. जग मला अडाणी म्हणो, पण रंगाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. पहिली बुडी शेवाळी, दुसरी मातकट, तिसऱ्या बुडीत चिमूटभर निळा. तो माझाच रंग होता. जगात तो एकदाच निघाला होता.

मग तो रोज चढत गेला. उजवी बाही, उजवा खांदा, उजवी छाती. मी कारखान्यातून नवं जाकीट मागून घेतलं, कोरं, पिशवीतलं. झाडांचा रस्ता अर्धा होईतो तेही राखाडी झालं. रंगाऱ्याचं एक साधं सूत्र असतं: फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका चढत नाही. एकदा गेलेला पिवळा पुन्हा आणता येत नाही. पण कोणीतरी तो आणत होतं. माझ्या अंगावरून काढून आपल्या अंगावर घालत होतं.

आणि गाड्या आता माझ्या फार जवळून जाऊ लागल्या होत्या.

तो दिवस मंगळवार होता. निशाणवाला जेवायला गेला होता, त्याचे बावटे झाडाला टेकून ठेवलेले. मी खाली बघितलं तर माझ्या अंगावर पिवळा एक धागाही राहिला नव्हता. पुढे डावीकडून ती गल्ली. तीच. तिच्या तोंडाशी एक पांढरी मोटार येऊन थांबली. आत एक बाई, पन्नाशीच्या, डॉक्टरीण असाव्यात, गळ्यात नळी होती.

मी शास्त्र पाळलं. त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली, पण त्यांची नजर माझ्यावरून सरकली, भिंतीवरून सरकते तशी, आणि माझ्या उजव्या बाजूला जाऊन थांबली. तिथे त्या कोणाकडे तरी बघत होत्या. हसल्या. मान डोलावून आभार मानले...

आणि गाडी पुढे घेतली.

मी हँडल फिरवलं आणि खडीच्या ढिगात जाऊन पडलो. गठ्ठा सुटला, शाली रस्त्यावर पसरल्या. मोटारीचं चाक माझ्या टाचेपासून चार बोटांवर थांबलं. बाई धावत आल्या. त्यांनी माझे गुडघे तपासले, मनगट फिरवून बघितलं.

"ते थांबले," त्या म्हणत होत्या. "त्यांनी हाताने खूण केली, 'जा तुम्ही' अशी... म्हणून मी निघाले. तुम्ही... आजोबा, तुम्ही दिसलाच नाहीत. खरंच सांगते. दिसलाच नाहीत."

"कोण थांबले?"

त्यांनी मागे वळून बघितलं. रस्ता एक मैल सरळ होता आणि रिकामा होता.

उरलेला रस्ता मी सायकल हातात धरून चालत गेलो. बरोबर कोणीतरी चालत होतं का, ते मला माहीत नाही. झाकण पायडलला घासायला सायकल चालवावी लागते. ढकलताना आवाज होत नाही.

वहिनींनी माझं खरचटलेलं कोपर बघितलं. आत जाऊन पाणी आणलं, जखम धुतली. मग नेहमीप्रमाणे दोन कप आणून ठेवले. मी माझ्या कपाला हात लावला नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "त्याचं जाकीट मी रंगवलं होतं. मस्करीत. डांबराचा तुकडा समोर ठेवून. त्याने काळजी घेतली नाही असं नाही, वहिनी. त्याची काळजी मी उकळून काढली."

मी उठायची तयारी केली. ओटा गेला, असं मनात म्हटलं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि एक खाकी पाकीट घेऊन आल्या. चौकशीवाल्यांनी परत दिलेलं. त्यातून ते जाकीट काढलं आणि मांडीवर पसरलं. "एकोणीस वर्षं तुम्ही रंगवलेल्या शालींना गोंडे बांधतेय, भाऊजी. तुमचा हात मला कळत नाही? कडेला दोन बोटं पकडून बुडवता तुम्ही, तिथे नेहमी जरा फिकं राहतं. हे बघा."

कॉलरच्या कडेला माझ्या दोन बोटांच्या खुणा होत्या.

"तेराव्याला विचारलं तेव्हाच माहीत होतं?"

"म्हणून तर विचारलं."

"मग हा दुसरा कप..."

"माझा आहे. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी तुमच्याबरोबर पिईन, असं ठरवलं होतं. सहा वर्षं कुंडी पितेय." त्यांनी एक कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "आता लिहून द्या. त्यांच्या नावापुढचा तो शब्द मला खोडायचाय."

चौथी पास माणसाला चार ओळी लिहायला अर्धा तास लागला. अक्षरं रस्त्यावर सांडलेल्या खडीसारखी. खाली सही केली, नग नाही, खरं नाव. वहिनींनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला. मग तो गार चहा उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला. "गोड झालाय," म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला.

गोष्ट इथे संपवायला हरकत नव्हती. मीही त्या रात्री तसंच समजून निजलो. सकाळी उठलो तर खुंटीवर माझं जाकीट पिवळंजर्द. बघणाऱ्याचे डोळे दुखतील असं. मी पुढून बघितलं, मागून बघितलं, उलटं करून बघितलं. कुठे डाग नाही. म्हटलं, हिशेब फिटला रे बाबा.

झाडांच्या रस्त्यावर त्या दिवशी वास नव्हता. टक् नव्हतं. निशाणवाला म्हणाला, "आज एकटेच?" मी म्हणालो, "हो रे, एकटाच." इतका रिकामा रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही.

त्याने हिरवा बावटा दाखवला. मी पुढे निघालो. वीस पावलं गेलो असेन, तोच मागून त्याची हाक आली.

"काका... काका, ते पाठीवर काय..."

"काय आहे?"

मी वळून बघितलं तर तो बावटा खाली टाकून उभा होता.

तेव्हापासून असं आहे. मागून येणारी प्रत्येक गाडी माझ्यापासून लांब, हळू होते. हॉर्न वाजवत नाही. झाडांचा अख्खा मैलभर रस्ता माझ्यामागे रांगत येते, ओलांडून जात नाही. काही तर सरळ मागे वळतात. या जगात माझ्याइतका नीट दिसणारा सायकलवाला दुसरा नसेल. रंगखान्यात मुकादम माझ्या मागून आला, वाचलं... वाचलंच असणार, कारण त्याचे ओठ हलताना बाकीच्यांनी बघितले... आणि टोपी काढून बाजूला झाला. हसला नाही. गेटवाल्याला विचारलं तर म्हणतो, "काही नाही, काही नाही, जा तू." मी जाकीट काढून बघतो: कोरं पिवळं. आरशात पाठ बघतो: पिवळी. फोनवर फोटो काढून घेतला: पिवळी. अंगात घातलं आणि माझ्या मागे जिवंत माणूस उभा राहिला, तरच ते दिसतं.

वहिनींनीही बघितलं. गठ्ठा घेऊन निघालो होतो, पाठ त्यांच्याकडे होती. त्या जवळ आल्या, माझ्या पाठीवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, ओळीच्या खालून फिरवतात तसं. तीन ओळी होत्या, शेवटची आखूड, एखाद्या तारखेएवढी, एवढं मला बोटावरून कळलं.

"अक्षर त्यांचंच आहे," म्हणाल्या.

"काय लिहिलंय, वहिनी?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घाईने काढून घेतला. "उद्या जरा लवकर या, भाऊजी," एवढंच. "जमलं तर."

तो म्हणालाच होता, सगळ्यांना दिसेल आणि तुला दिसणार नाही. शब्दाचा पक्का माणूस.

म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुम्ही ना आमच्या रंगखान्यातले, ना ओळखीचे. तुम्हाला माझी भीड पडायचं कारण नाही. जाकीट मी घालूनच आलोय, वरचा कोट काढतो. हा, झालो पाठमोरा. आता मात्र दिवा जवळ घ्या. वाचा. मोठ्याने वाचा, मला लाज वाटणार नाही, मी स्वतः पन्नास जणांच्या पाठी रंगवल्यात.

वाचलंत?

...

का हो? दिवा का बारीक केलात?